डोमेनचा कारभार : उत्तर कोणाचे, किती वेळेचे



इंटरनेटवर एक यंत्र दुसऱ्या यंत्राला नावाने शोधत नाही, आकड्याने शोधते. माणसाच्या लक्षात आकडे राहत नाहीत, म्हणून नावे आली. नाव आणि आकडा यांची सांगड घालणारी जी जगभर विखुरलेली व्यवस्था आहे, तिला डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस म्हणतात. डोमेन घेणारा प्रत्येक जण, मग तो पुण्यातला प्रकाशक असो, सांगलीतली पतसंस्था असो की परदेशातले एखादे महाराष्ट्र मंडळ, या व्यवस्थेतला एक छोटा कारभारी होतो. आपण कारभारी आहोत हे त्याला बहुधा वेबसाइट दिसेनाशी झाल्यावर किंवा मेल यायचे थांबल्यावर कळते.

डीएनएसला टेलिफोन डिरेक्टरीची उपमा देण्याची पद्धत आहे. उपमा सोयीची आहे आणि दिशाभूल करणारीही. डिरेक्टरीत सगळी नावे एका पुस्तकात असतात. डीएनएसची पूर्ण यादी जगात कुणाकडेच नाही. ना अमेरिकेत, ना दिल्लीत, ना कुठल्या मोठ्या कंपनीकडे. मग उत्तर येते कुठून?

पूर्वी अशी एकच यादी खरोखर होती. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या काळात कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सगळ्या यंत्रांची नावे आणि क्रमांक असलेली एक फाइल ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालचे माहिती केंद्र ती सांभाळत असे. नवे यंत्र जोडायचे तर त्या केंद्राला कळवायचे, मग नोंद व्हायची आणि बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. यंत्रे थोडी होती तोवर हे चालले. ती वाढली तशी दोन माणसांनी एकच नाव मागण्याचे प्रकार घडू लागले, फाइल फुगत गेली, आणि उतरवून घेतलेली प्रत हाती येईपर्यंत शिळी होऊ लागली. १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधल्या पॉल मोकापेट्रिस यांनी यावर नवी रचना मांडली. १९८७ मध्ये तिचा सुधारित मसुदा आला. आजचे डीएनएस त्याच पायावर उभे आहे.

त्या रचनेत दोन निर्णय होते. एक, अधिकार वाटून द्यायचा: ज्याचे नाव, त्यानेच त्या नावाची नोंद ठेवायची. दोन, एकदा मिळालेले उत्तर विचारणाऱ्याने ठरावीक वेळ लक्षात ठेवायचे, म्हणजे दर वेळी मूळ मालकाकडे जायला नको. डीएनएसचे सगळे सामर्थ्य या दोन निर्णयांत आहे आणि डोमेनधारकाचे जवळजवळ सगळे तापही त्यांतूनच निघतात. म्हणून कोणत्याही बिघाडात पहिले दोन प्रश्न हेच: उत्तर कोण देतो आहे? आणि ते किती वेळापूर्वीचे आहे?

पहिला प्रश्न आधी घ्यावा.

डोमेनचे नाव उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. नावाच्या शेवटी एक टिंब असते, ते बहुधा लिहिले जात नाही, पण असते. ते टिंब म्हणजे मूळ, रूट. रूट सर्व्हरची नावे तेरा, ‘ए’पासून ‘एम’पर्यंत. ती चालवणाऱ्या संस्था बारा. प्रत्यक्ष यंत्रे मात्र जगभर दीड हजारांहून अधिक ठिकाणी आहेत, कारण एकाच पत्त्यावर अनेक यंत्रे उत्तर देऊ शकतील अशी सोय पुढे झाली. नावे तेराच का? सुरुवातीच्या नियमात उत्तराचे पाकीट ५१२ बाइटांपेक्षा मोठे चालत नसे आणि तेवढ्यात इतकीच नावे व पत्ते मावत. एवढ्या साध्या हिशेबाने ठरलेला आकडा आजही कायम आहे.

समजा कुणी ब्राउझरमध्ये डॉट इनने संपणारे एक नाव टाइप केले. ब्राउझर स्वतः शोधाशोध करत नाही. तो रिझॉल्व्हर नावाच्या मध्यस्थाला विचारतो. हा मध्यस्थ इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचा असतो, किंवा गूगलचा ८.८.८.८, जो २००९ मध्ये सुरू झाला, किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, जो २०१८ मध्ये आला. रिझॉल्व्हर रूटकडे जातो. रूटला ते नाव ठाऊक नसते. तो म्हणतो, डॉट इनवाल्यांना विचार. डॉट इनच्या सर्व्हरलाही पत्ता ठाऊक नसतो. तो म्हणतो, या नावाचा कारभार अमुक दोन नेमसर्व्हरांकडे आहे, तिकडे जा. तिसऱ्या दारात खरे उत्तर मिळते. आधीच्या दोघांनी फक्त पुढचे दार दाखवलेले असते.

डोमेनधारकाच्या हातात या साखळीतल्या दोनच जागा येतात. वरच्या पातळीवर लिहिलेली नेमसर्व्हरांची नावे, आणि त्या नेमसर्व्हरांवरच्या प्रत्यक्ष नोंदी. पहिली जागा रजिस्ट्रारकडे, म्हणजे ज्याच्याकडून नाव घेतले त्याच्याकडे, बदलते. दुसरी डीएनएस सेवा देणाऱ्याकडे बदलते. कधी हे दोघे एकच असतात, कधी नसतात. त्यात वेबसाइट ठेवणारी होस्टिंग कंपनी तिसरी आणि मेल सांभाळणारी चौथी असू शकते. आणि गोंधळ असा की यांतल्या बहुतेकांच्या पॅनेलवर डीएनएस सेटिंग्ज नावाचे एक पान असतेच! ते पान उघडते, नोंदी बदलता येतात, हिरवी खूणही उमटते. पण रजिस्ट्रारकडे लिहिलेले नेमसर्व्हर दुसऱ्याच कंपनीचे असतील, तर त्या पानावर केलेल्या बदलाचा जगाशी काहीही संबंध नसतो. साइट नव्या सर्व्हरवर हलवली, पत्ता बदलला, दोन दिवस वाट पाहिली, तरी जुनीच साइट दिसते, अशी तक्रार आली की पुष्कळदा कारण एवढेच निघते.

म्हणून कुठलीही नोंद बदलण्याआधी त्या नावाचे नेमसर्व्हर कोणते हे बाहेरून विचारून घ्यावे. त्यासाठी ‘डिग’ आणि ‘एनएसलुकअप’ या जुन्या आज्ञा पुरतात. काहीच जमत नसेल तर रजिस्ट्रारच्या पानावर नेमसर्व्हरांची दोन नावे वाचावीत.

रजिस्ट्रारच्याही वर रजिस्ट्री असते. डॉट इन हे नाव १९८९ मध्ये भारताला मिळाले. पुढे बरीच वर्षे त्याची नोंदणी मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत होत असे. नियम कडक होते आणि नावे जेमतेम काही हजार. २००५ मध्ये हे काम नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या संस्थेकडे आले आणि नोंदणी सर्वांना खुली झाली. रजिस्ट्री ग्राहकाशी सहसा थेट बोलत नाही. ती रजिस्ट्रारांमार्फत काम करते.

रजिस्ट्रार बदलणे आणि नेमसर्व्हर बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सांगायला हवे. पहिलीत नावाचे खाते एका दुकानातून दुसऱ्यात जाते. त्यासाठी नावावरचे कुलूप काढावे लागते, गुप्त संकेत घ्यावा लागतो, आणि नव्या नोंदणीनंतर किंवा बदलीनंतर साधारण साठ दिवस पुन्हा बदली होत नाही. दुसरीत नाव जागच्या जागी राहते, फक्त उत्तर देणारा बदलतो. स्वस्त नूतनीकरणासाठी रजिस्ट्रार बदलायला निघालेला माणूस त्या भरात नेमसर्व्हरही बदलून बसला, की जुन्या ठिकाणच्या सगळ्या नोंदी मागे राहतात.

आता त्या नोंदींकडे.

सर्वांत साधी नोंद ‘ए’. ती नावाला आयपी क्रमांक देते, जुन्या चार भागांच्या पद्धतीचा. नव्या, लांबलचक पद्धतीच्या क्रमांकासाठी चार ‘ए’ असलेली नोंद, जिला क्वाड-ए म्हणतात. इथे एक बारीक सापळा आहे. सर्व्हर बदलताना ‘ए’ बदलली जाते आणि क्वाड-ए विसरली जाते. मग काहींना नवी साइट दिसते आणि काहींना जुनी, आणि आपल्या फोनवर तर बरोबर दिसते या वाक्यावर अर्धा दिवस जातो.

‘सीनेम’ ही नोंद क्रमांक देत नाही, दुसऱ्या नावाकडे बोट दाखवते. दुकान, ब्लॉग, शिकवणी अशी उपनावे बाहेरच्या सेवांवर चालतात तेव्हा ती सोयीची पडते, कारण त्या सेवेने आपला क्रमांक बदलला तरी डोमेनधारकाला काही करावे लागत नाही. मात्र नियम असा की ज्या नावावर सीनेम आहे, त्या नावावर दुसरी कुठलीही नोंद चालत नाही. डोमेनच्या मूळ नावावर, ज्याच्यापुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू वगैरे काही नाही आणि पॅनेलवर जे ‘अॅट’च्या चिन्हाने दाखवतात, त्यावर नेमसर्व्हरांची आणि कारभाराची (‘एसओए’) नोंद असावीच लागते. म्हणून तिथे सीनेम बसत नाही. तरीही ती बसवू देणारी पॅनेले भेटतात. मग पुष्कळदा साइट चालते आणि मेल बंद पडतात, कारण मेलची नोंद शोधणाऱ्याला त्या नावावर सीनेमच सापडते आणि तो भलतीकडे जातो. यावर काही कंपन्यांनी ‘एलियस’ किंवा तत्सम नावाची युक्ती काढली आहे. नेमसर्व्हर स्वतःच पुढचे नाव सोडवतो आणि बाहेर साधी ‘ए’ नोंद देतो. युक्ती चांगली आहे, पण ती त्या कंपनीपुरती. दुसरीकडे जाताना सोबत येईलच असे नाही.

मेलसाठी ‘एमएक्स’. तिच्यासोबत एक आकडा असतो आणि लहान आकड्याला आधी पसंती असते. एमएक्समध्ये नाव लिहायचे, क्रमांक नव्हे. आणि ते नाव सीनेम नसावे. मेलची सेवा बदलल्यावर जुन्या सेवेची एमएक्स नोंद राहू दिली, तर काय बिघडले? बिघडते असे की काही मेल जुन्या खोक्यात पडत राहतात, जे आता कुणी उघडत नाही. पाठवणाऱ्याला परत आल्याची सूचना मिळत नाही आणि घेणाऱ्याला आल्याची.

‘टेक्स्ट’ नोंदीत कोणताही मजकूर लिहिता येतो. मालकी सिद्ध करण्यासाठी गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि इतर सेवा एक संकेत तिथे चिकटवायला सांगतात. काम झाले की तो काढावा हे कुणीच सांगत नाही. पाचसात वर्षे जुन्या डोमेनवर या संकेतांचे थर साचलेले असतात आणि कोणता कशासाठी होता हे कुणाला आठवत नाही. ‘सीएए’ ही नोंद मात्र लहान आणि उपयोगी आहे. या नावासाठी सुरक्षा प्रमाणपत्र कोणत्या संस्थेने द्यावे हे ती सांगते, आणि २०१७ पासून प्रमाणपत्र देणाऱ्यांना ती पाहणे बंधनकारक आहे.

टिंबाची गोष्ट मघाशी अर्धी राहिली. नोंदींच्या कच्च्या फाइलमध्ये नावाच्या शेवटी टिंब दिले तर ते नाव पूर्ण मानले जाते. न दिले तर त्याच्या शेपटीला डोमेनचे नाव पुन्हा जोडले जाते. १२ ऑक्टोबर २००९ च्या रात्री स्वीडनच्या डॉट एसई या संपूर्ण क्षेत्राची फाइल तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे शेवटचे टिंब सुटले. सुमारे नऊ लाख नावे एकदम दिसेनाशी झाली. एका देशाच्या बातम्या, बँका, सरकार, सगळे त्या एका टिंबामागे गेले. चूक तासाभरात सुधारली गेली. तरी अनेकांना त्या साइट नंतर कित्येक तास दिसल्या नाहीत. का? कारण रिझॉल्व्हरांनी चुकीचे उत्तर लक्षात ठेवले होते.

इथून दुसरा प्रश्न सुरू होतो: उत्तर किती वेळापूर्वीचे?

प्रत्येक नोंदीसोबत सेकंदांचा एक आकडा असतो. त्याला टीटीएल म्हणतात. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे एक दिवस. हे उत्तर इतका वेळ लक्षात ठेवायला हरकत नाही, अशी ती परवानगी असते. ग्राहकांना सर्रास सांगितले जाते की डीएनएसमधला बदल जगभर पसरायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. प्रत्यक्षात काहीही पसरत नाही. नोंद बदलली की नेमसर्व्हरवर नवे उत्तर त्या क्षणापासून तयार असते. वाट पाहायची असते ती जुने उत्तर विसरले जाण्याची. ज्या रिझॉल्व्हरने ते नाव आज विचारलेच नव्हते, त्याला नवे उत्तर लगेच मिळते. ज्याने दोन मिनिटांपूर्वी विचारले, तो पूर्ण मुदत जुने उत्तर देत राहतो. म्हणून एकाच इमारतीत एका मजल्यावर नवी साइट दिसते आणि दुसऱ्यावर जुनी.

हे समजले की स्थलांतराची पद्धत आपोआप ठरते. ताजे उदाहरण बँकांचे आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव क्षेत्रात यायला सांगितले. तिथली नावे फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत मिळतात. उद्देश सरळ होता: बँकेच्या नावाशी मिळतीजुळती खोटी नावे घेऊन लोकांना फसवले जाते, तर खऱ्या बँकांना असे क्षेत्र द्यावे जिथे इतरांना शिरताच येणार नाही. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँका देशात सर्वांत जास्त. त्यांतल्या कित्येकांकडे एखाद-दुसरा संगणक अधिकारी आणि बाकी सगळे बाहेरच्या कंत्राटदाराकडे, अशी स्थिती असते. अशा बँकेने काय करायचे?

नवे नाव घेऊन त्यावर साइट उभी करणे हा सोपा भाग. अवघड भाग जुन्या नावाच्या नोंदींचा. बदलाच्या दोन-तीन दिवस आधी, म्हणजे जुना टीटीएल जितका असेल त्याहून आधी, तो कमी करून पाच मिनिटांवर, म्हणजे ३०० वर आणायचा. बदलाच्या दिवशी सकाळी कमी करून उपयोग नाही. ज्याने काल एक दिवसाच्या मुदतीचे उत्तर घेतले, त्याला आजची घाई ठाऊक नसते. मग नोंद बदलायची. जुना सर्व्हर लगेच बंद करायचा नाही. काही दिवस दोन्ही चालू ठेवायचे आणि जुन्यावर कोण येते आहे हे पाहायचे. सगळे शांत झाले की टीटीएल पुन्हा वाढवायचा, कारण तो कायम कमी ठेवला तर नेमसर्व्हरवर भार वाढतो आणि नेमसर्व्हर क्षणभर बंद पडला तर लक्षात ठेवलेल्या उत्तराचा आधारही मिळत नाही.

नेमसर्व्हर बदलताना मात्र ही युक्ती अपुरी पडते. वरच्या पातळीवरच्या नेमसर्व्हर नोंदींचा टीटीएल डोमेनधारकाच्या हातात नसतो. डॉट कॉमसाठी तो दोन दिवसांचा आहे. तेवढा वेळ जुन्या आणि नव्या दोन्ही नेमसर्व्हरांवर नोंदी सारख्या ठेवाव्या लागतात. आणखी एक गोष्ट कमी लोकांच्या ध्यानात येते: ‘असे नाव नाही’ हे उत्तरही लक्षात ठेवले जाते. नवे उपनाव तयार करण्याआधीच उत्साहाने ब्राउझरमध्ये टाकून पाहिले, तर नकार साठवला जातो आणि नोंद केल्यावरही तो काही काळ येत राहतो. हा काळ कारभाराच्या ‘एसओए’ नोंदीतून ठरतो. आधी नोंद करावी, मग पाहावे.

मेलचा प्रश्न वेबसाइटहून जास्त नाजूक आहे, कारण वेबसाइट बंद पडली तर दिसते, मेल हरवला तर दिसत नाही. मेल पाठवणारा लिफाफ्यावर कुणाचेही नाव लिहू शकतो. मूळ रचनेत त्याला कुणी अडवत नाही. त्यासाठी टेक्स्ट नोंदींचे तीन पहारे नंतर आले. ‘एसपीएफ’ सांगते की या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. ‘डीकेआयएम’मध्ये सहीची सार्वजनिक किल्ली असते. ‘डीमार्क’ सांगते की दिसणाऱ्या नावाशी हे दोन्ही जुळले नाहीत तर काय करायचे: नुसते कळवायचे, बाजूला ठेवायचे की नाकारायचे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली.

एसपीएफमध्ये दोन चुका फार होतात. एका नावावर एसपीएफची एकच नोंद चालते. वर्गणीदारांना पत्रिका पाठवणाऱ्या नव्या सेवेने दिलेली दुसरी नोंद खाली चिकटवली की दोन्ही बाद ठरतात. दुसरे, ती तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस चौकशा करायला लावल्या तर तपासणी तिथेच फसते. चार-पाच सेवा जोडल्या की, प्रत्येकीत आणखी दोन-तीन दडलेल्या असल्यामुळे, दहाचा आकडा नकळत ओलांडला जातो. ज्या डोमेनवरून मेल पाठवलाच जात नाही, त्यावरही ‘इथून कुणीही पाठवत नाही’ अशी एसपीएफ नोंद आणि नकाराचे डीमार्क ठेवावे. रिकामी नावे ठगांना आवडतात.

सुरक्षेचा भाग आता. मूळ डीएनएसमध्ये उत्तर खऱ्या मालकाकडून आले याचा पुरावा नव्हता. २००८ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कॅमिन्स्की यांनी दाखवून दिले की रिझॉल्व्हरच्या स्मृतीत खोटे उत्तर घुसवणे समजले जात होते त्याहून पुष्कळ सोपे आहे. जगभरच्या कंपन्यांनी गुपचूप एकत्र येऊन त्यावर तातडीची दुरुस्ती केली. टिकाऊ उपाय म्हणजे नोंदींवर डिजिटल सही, डीएनएसएसईसी. १५ जुलै २०१० रोजी रूटवर सही झाली आणि साखळीचे वरचे टोक पक्के झाले. डोमेनधारकाने आपल्या नेमसर्व्हरवर सही सुरू करायची आणि तिची खूण, ‘डीएस’ नोंद, रजिस्ट्रारमार्फत वर लिहायची.

ही सोय चांगली आहे, पण तिच्यात क्षमा नाही. सही चुकली तर तपासणारा रिझॉल्व्हर जुने किंवा शंकास्पद उत्तर देत नाही, काहीच देत नाही. नेमसर्व्हर नव्या कंपनीकडे नेले आणि जुनी डीएस नोंद वर राहिली, तर अख्खे डोमेन अंधारात जाते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी स्लॅक या कंपनीने डीएनएसएसईसी सुरू करताना अडचण दिसली म्हणून ते मागे घेतले. पण डीएस नोंद रिझॉल्व्हरांनी चोवीस तासांसाठी लक्षात ठेवली होती. सही काढलेली आणि सहीची अपेक्षा कायम! काही वापरकर्त्यांना दिवसभर ती सेवा मिळाली नाही. योग्य क्रम असा: आधी वरची डीएस काढायची, तिची मुदत संपेपर्यंत सही तशीच चालू ठेवायची, आणि मग सही थांबवायची.

उत्तर देणाराच नाहीसा झाला तर? २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या अमेरिकेतल्या डीएनएस कंपनीवर मिराय नावाच्या प्रोग्रॅमने काबीज केलेल्या कॅमेऱ्यांसारख्या घरगुती उपकरणांतून प्रश्नांचा मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांसारख्या साइट कित्येकांना दिसेनाशा झाल्या. त्या साइटचे सर्व्हर ठणठणीत होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद होते. मूळ दोष जाळ्याच्या देखभालीत होता, पण कंपनीचे नेमसर्व्हर त्याच जाळ्यात असल्याने नावासकट सगळे गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात एका सेवेची डीएनएस नोंद आपोआप चालणाऱ्या दोन प्रक्रियांच्या शर्यतीत रिकामी झाली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या असंख्य सेवा कोलमडल्या. लहान संस्थेने याचा धसका घ्यायचे कारण नाही. पण नेमसर्व्हर दोन असावेत हा नियम दोन्ही एकाच यंत्रावर ठेवून पाळू नये, आणि सगळ्या नोंदींची एक प्रत डीएनएस कंपनीच्या बाहेर, साध्या फाइलमध्ये, ठेवलेली असावी.

तसे पाहता बहुतेक हल्ले सहीपर्यंत पोचतच नाहीत. २०१८-१९ मध्ये अनेक देशांच्या सरकारी डोमेनांच्या नोंदी बदलल्या गेल्या त्या खात्यांचे पासवर्ड मिळवून. त्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने आपल्या विभागांना जो तातडीचा आदेश काढला, त्यातली कामे कुठल्याही डोमेनधारकाने उचलावीत अशी साधी होती: नोंदी तपासा, पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी लावा. त्यात एक भर घालावी लागते. बंद केलेल्या बाहेरच्या सेवेकडे बोट दाखवणारी सीनेम मागे राहिली असेल, तर त्या सेवेवर तेच नाव दुसरा कुणी घेतो आणि संस्थेच्या उपनावावर आपले दुकान थाटतो. सेवा बंद करण्याआधी नोंद पुसावी.

देवनागरी नावांचाही उल्लेख हवा. ‘डॉट भारत’ २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीत सुरू झाले आणि मराठी व कोकणीसह आठ भाषांना उपलब्ध झाले. पण डीएनएसच्या आत नावे अजून रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघ यांतच धावतात. म्हणून ‘भारत’ हे आत ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ होते. पॅनेलवर नोंदी करताना अनेकदा हेच रूप टाकावे लागते. ऱ्हस्व-दीर्घातला फरक आत पूर्ण वेगळे नाव तयार करतो, तेव्हा छापील पत्रिकेवरचे शुद्धलेखन इथे खरोखर पत्ता चुकवू शकते. देवनागरी मेलपत्ते सगळ्या मेल सेवा घेत नाहीत, म्हणून सोबत रोमन नाव ठेवणेच व्यवहार्य.

शेवटी नावाची मालकी. डोमेन विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. नोंदणी कुणाच्या नावाने आहे? वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाच्या, की संस्थेच्या? तो मुलगा नोकरीनिमित्त परगावी गेला की हा प्रश्न उभा राहतो. खात्याला जोडलेला मेलपत्ता त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडले तर ते वाचवण्यासाठी आलेला मेलही मिळत नाही. विसर मोठ्यांनाही पडतो. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’चे नूतनीकरण राहिले, त्यावरून लॉगिन होणाऱ्या हॉटमेल या मेल सेवेच्या ग्राहकांना आत शिरता येईना, आणि एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले.

डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रार आधी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांपर्यंत नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देऊ शकतो. सगळे तितकी सवलत देत नाहीत. पुढचे तीस दिवस नाव सोडवून घेता येते, पण भुर्दंड मोठा असतो. त्यानंतरचे पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव बाजारात खुले होते. नव्या क्षेत्रात गेलेल्या बँकेलाही म्हणूनच जुन्या नावाची वर्गणी भरत राहावी लागते: पासबुकांवर, जुन्या पावत्यांवर, लोकांच्या फोनमधल्या खुणांवर तेच छापलेले आणि साठवलेले असते, आणि ते सुटले तर पहिला दावेदार कोण असेल हे सांगायला नको.